भिंतीवर टांगलेली साक्ष

मी एक जुनी कुबडी आहे, मित्रांनो. नाव ऐकून नाक मुरडू नका. ज्याचे जळते त्यालाच कळते म्हणतात, तसे माझे मोल अधू माणसालाच कळते.

एका सुताराने मला आपल्या बायकोसाठी घडवले. आजारपणात तिचा एक पाय वाळून गेला होता. हाताला कुसळ लागू नये म्हणून त्याने माझे लाकूड घासून घासून गुळगुळीत केले. ती शिवणकाम करायची. तिने चिंध्या भरून माझ्या डोक्यावर छोटी उशी शिवून बसवली. तिच्या बगलेत राहून मी बाजार पाहिला, दवाखाना पाहिला, गिऱ्हाइकांचे जिने चढले. "ही माझी धाकटी बहीण," असे ती हसत सांगायची. "पण कधी उलटून बोलत नाही हो!"

दर रविवारी आम्ही चर्चमध्ये उपासनेला जात असू. तिथले धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, मनाने चांगले होते, हे आधीच सांगते. एका रविवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालली होती. गाणी, टाळ्या, रडणे यांना नुसता ऊत आला होता. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ताई, विश्वास आहे ना? मग टाक ती कुबडी!" तिने मला सोडले आणि ती चार पावले चालली. खरेच चालली! सगळी मंडळी उठून उभी राहिली.

त्या मंडळीची एक रीत होती. बऱ्या झालेल्या माणसाने आपली काठी किंवा कुबडी देवाला द्यायची आणि ती साक्ष म्हणून भिंतीवर टांगायची. मलाही टांगले. लोक मला हात लावत, तोंड भरून कौतुक करत. मला मात्र ते कौतुक विषासारखे वाटे, कारण पुढच्याच रविवारी तिच्या पायातली ताकद ओसरलेली मला वरून दिसली. ती बाकांच्या कडा धरून पुढे सरकत होती. ओठांवर हसू आणि कपाळावर घाम. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

एकदा तिची मुलगी माझ्याखालीच आईशी भांडली.

"आई, घरात जमिनीवरून सरकतेस. बाबांनी नवी कुबडी केली, तिला हात लावत नाहीस. निदान ही तरी परत माग!"

"देवाला दिलेलं परत मागू? लोक म्हणतील, हिचाच विश्वास कच्चा."

"लोकांचं काय जातंय म्हणायला!"

"गप्प बस. साहेब येताहेत."

मग एकदा पाहुणे येणार म्हणून बाक हलवले आणि सतरंज्या अंथरल्या. साहेबांनी तिला साक्ष द्यायला पुढे बोलावले. धरायला काहीच नव्हते, तरी बिचारी निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत कोसळली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मंडळी तिच्याभोवती गोळा झाली आणि मोठमोठ्याने प्रार्थना करू लागली.

"आधी गाडी बोलवा!" मुलगी किंचाळली. "प्रार्थना गाडीत करू!"

खुब्याचे हाड मोडले होते. ती पुन्हा उभी राहणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. शरीर गेले, त्यापाठोपाठ मन खचले. गाणे थांबले, प्रार्थनाही थांबली. आपल्यातच काही पाप उरले असेल, म्हणून देवाने हात काढून घेतला, असे तिच्या मनाने घेतले.

पाळकसाहेब स्वतः मला भिंतीवरून काढून तिच्याकडे घेऊन गेले. रडत म्हणाले, "ताई, चूक माझी. देवानं कुबडी टाकायला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं." सुताराने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने मला खाटेला टेकवून ठेवले. आता माझा तिथे काय उपयोग!

मित्रांनो, प्रार्थना जरूर करा. पण दुखणाऱ्याला औषध घेऊ द्या, काठी घेऊ द्या, रडूही द्या. आत्मा, मन आणि शरीर देवाने एकत्रच दिले आहेत. एकाचा मोठेपणा मिरवायला दुसऱ्याला मोडू नका.

साहेब जायला उठले, तेव्हा कित्येक दिवसांनी तिने तोंड उघडले.

"साहेब, मी बरी झाले नाही, तरी मंडळीत येऊ ना?"

मित्रांनो, हे विचारायची पाळी कोणावर आणू नका.