तीन चकचकीत आणि एक मी

मी स्टेपनी बोलतेय. सोळा वर्षं डिकीतल्या अंधारात, जाजमाखाली पडून होते, त्यामुळे माझा आवाज कधी कुणाच्या कानावर पडला नाही. आता उजेडात आले आहे, तर चार गोष्टी बोलून घेते. आम्हा स्टेपन्यांची आठवण लोकांना संकटातच येते, आणि तेव्हा तेच इतकं बोलत असतात की आमचं ऐकणार कोण?

आम्ही पाच बहिणी. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी तयार झालो. तेरा इंची लोखंडी रिम, काळा रंग, अंगावर ना नक्षी ना झिलई. चौघींना गाडीला लावलं आणि मला डिकीत झोपवलं. "ही जादाची," असं कामगार म्हणाला. तो शब्द मला तेव्हाच लागला. घरात एखादी आत्या असते, अडीअडचणीला हवी आणि फोटोत नको, तशी माझी गत झाली.

आमची गाडी एका शिंप्याने घेतली. सगळे त्याला मास्तर म्हणायचे, म्हणून मीही मास्तरच म्हणते. हात खरंच चांगला. मास्तरांची एक पद्धत होती आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पँटचं माप घेताना ते गिऱ्हाईकाला आधी उभं करायचे आणि मग स्टुलावर बसवून पुन्हा टेप लावायचे. "उभा माणूस पोट आत घेऊन खोटं बोलतो," ते म्हणायचे. "बसला की खरं काय ते बाहेर येतं." एवढं बोलून स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन कानावरची पेन्सिल काढायचे. त्यांची पँट बसताना उसवली असं कधी झालं नाही.

बहिणी धावत राहिल्या. त्यांचे टायर झिजले, बदलले, पुन्हा झिजले. एखादीचं पंक्चर झालंच तर मास्तर टायरवाल्याला तिथेच बोलावून घेत, कारण मला बाहेर काढायचं तर डिकीतली सतरा गाठोडी आधी उतरवावी लागत. टायरवाला मात्र भला माणूस. दर खेपेला मास्तर नको म्हणत असतानाही गाठोडी सरकवून माझ्यात हवा भरायचा.

मास्तरांना एक मोठी बहीण होती. आई गेल्यावर तिनेच यांना वाढवलं, मशीनवर बसवलं, हातावर हात ठेवून पहिली सरळ टीप मारायला शिकवली. तिचं गाव दोन-अडीच तासांवर. महिन्या-दोन महिन्यांनी आमची तिकडे फेरी व्हायची. दोन वर्षांपूर्वी एकदा आम्ही तिच्या दारात उभ्या असताना तिचे यजमान शेजाऱ्यांना घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "काय मास्तर, ही अजून चालते? की ढकलत आणलीत?"

सगळे हसले. मास्तरही हसले. पण मी डिकीतून ऐकलं ना, सगळ्यांचं हसून झाल्यावर मास्तरांचं हसू सुरू झालं. त्या दिवसापासून ताईंकडे जाणं बंद. ताईंचा फोन आला की "सध्या सीझन आहे गं". शिंप्याचा सीझन बारा महिने असतो हे मला तेव्हा कळलं.

मग ताईंच्या एकुलत्या एक मुलाचं लग्न ठरलं. मास्तर गाडीत बसले असतानाच फोन आला.

"कोट तूच शिवायचास," ताई म्हणाल्या. "आणि लग्न लागताना तू माझ्या शेजारी हवास. कोट एक वेळ मागे राहिला तरी चालेल रे, तू मागे राहू नकोस."

"ताई, येतो म्हणजे येतो," मास्तर म्हणाले. फोन ठेवून त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

इतकं झाल्यावर माणसाने काय करावं? कापड घ्यावं, कोट बेतावा. मास्तर तडक टायरवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "भाऊजींचे डोळे दिपले पाहिजेत, अशी चाकं दाखव."

त्याने सोळा इंची अलॉय चाकं दाखवली. एकेका चाकात बघून भांग पाडावा इतकी चकचकीत. माझ्या चौघी बहिणी उतरवल्या, भिंतीला टेकवल्या. चिखलाने, खड्ड्यांनी, उन्हाने काळवंडलेल्या. त्यांच्याकडे मास्तरांनी वळूनही पाहिलं नाही. मला डिकीतून काढून बाजूला ठेवलं होतं, म्हणून हा सगळा सोहळा मला जवळून पाहता आला. सोळा वर्षांच्या गाडीच्या पायात ती चाकं आली आणि ती बिचारी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली.

"मास्तर, थोडी लहान घ्या," टायरवाला म्हणाला. "सामान भरलं की गाडी मागून दबते. टायर मडगार्डला घासणार."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, टायर आणि मडगार्डमधलं अंतर मोजलं, खडूने खूण केली. "बघ, दोन बोटं जागा आहे. तीस वर्षं मापं घेतोय मी. तू मला शिकवतोस?"

गाडी रिकामी होती. सपाट फरशीवर सरळ उभी होती. पोट आत घेऊन! जन्मभर गिऱ्हाइकांना स्टुलावर बसवणाऱ्या या माणसाला आपल्याच गाडीत दोन पोती टाकून माप घ्यायचं सुचलं नाही. मी जमिनीवर पडल्या पडल्या कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत आणि कपाळही नाही.

टायरवाल्याने शेवटी सोळा जुने बोल्ट पिशवीत घालून दिले. "नव्या चाकांना लांब बोल्ट लावलेत. स्टेपनीला हे आखूडच लागतील. लांब बोल्ट लावलेत तर आत टेकतील आणि चाक फिरणार नाही. पिशवी डिकीत ठेवा."

"ठेवतो, ठेवतो," मास्तर म्हणाले. पण बोल्ट हातात घेऊन पाहिले तर काय जड, काय आटोपशीर! कापडावर कागदी बेतणी ठेवली की ती हलू नये म्हणून शिंप्याला वजनं लागतात. पिशवी सरळ दुकानात गेली. भाच्याच्या कोटाचं कापड त्या सोळा बोल्टांखालीच कापलं गेलं, आणि कापलं गेलं झकास, हे मान्य करायला हवं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला निघालो. लग्न अकराला. माझ्या डोक्यावर डिकीत नव्या सुनेला भेट म्हणून लोखंडी पायांची शिलाई मशीन, मागच्या सीटवर आहेराच्या कपड्यांची गाठोडी खिडकीपर्यंत, पुढे मास्तर आणि त्यांच्या पत्नी. कोट बाईंच्या मांडीवर.

"अहो, मागे काहीतरी घासतंय," बाई म्हणाल्या.

"नवीन आहेत. नवे बूट नाही का चावत?"

तासाभराने एका गतिरोधकावर गाडी आपटली आणि मागचा डावा टायर मडगार्डच्या कडेने चराचरा फाटला. अलॉय चाकही वाकलं. गाडी रस्त्याच्या कडेला बसली. मास्तर उतरले, त्यांनी डिकी उघडली, घाम गाळत मशीन उतरवली आणि जाजम वर केलं.

काय सांगू! खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्यांच्यावर संकट आलं आणि इकडे मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जॅक लागला, मी जागेवर चढले, बोल्ट आवळले गेले. मास्तरांनी हाताने मला फिरवून पाहिलं. मी हललेच नाही. लांब बोल्ट आत टेकले होते.

"ते आखूड बोल्ट कुठायत?" बाईंनी विचारलं.

"दुकानात."

"दुकानात काय करतायत?"

"कापड दाबतायत," मास्तर हळूच म्हणाले.

बाईंनी कोट या हातावरून त्या हातावर घेतला. मास्तरांनी दुकानातल्या काजंबटणं करणाऱ्या कारागिराला फोन लावून बोल्ट घेऊन यायला सांगितलं. तेवढ्यात दुधाची गाडी थांबली. "लग्नाला निघालात वाटतं," ड्रायव्हर म्हणाला. "मीही त्याच गावाला चाललोय. बसा दोघं पुढे. दहाला पोचवतो."

बाई निघाल्याच. मास्तर जागचे हलेनात.

"चला ना!"

"अगं, दुधाच्या गाडीतून उतरू मी? भाऊजींच्या समोर?"

"लग्न भाऊजींचं आहे का?"

"तू कोट घेऊन पुढे हो. मी आलोच अर्ध्या तासात."

बाईंनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा त्या तीन चकचकीत चाकांकडे पाहिलं आणि कोट छातीशी धरून त्या दुधाच्या गाडीत चढल्या. मला त्या माणसाची चीड आली. ताईंनी कोटाला नव्हे, याला बोलावलं होतं.

कारागिराने दहाला दुकान उघडलं, बोल्ट शोधले, आणि तो स्कूटरवरून पोचला तेव्हा साडेअकरा झाले होते. चार बोल्ट खिशात, त्यांवर अजून पांढरा खडू. मग मात्र मी नीट बसले आणि जन्मात पहिल्यांदा रस्त्यावर धावले. तीन सोळा इंची आणि मी तेरा इंची, तेव्हा गाडी माझ्या बाजूला झुकलेली. बैलगाडीही पुढे जाईल अशा वेगाने आम्ही दोन वाजता लग्नाच्या कार्यालयाशी पोचलो.

फाटकातून आतलं सगळं दिसत होतं. एक माणूस खुर्च्या घडी करून रचत होता. पायरीवर ताई एकट्याच बसलेल्या. गाडी पाहून त्या उठल्या, एक पायरी खाली आल्या आणि त्यांनी हात वर केला.

खुर्च्यांवाला माणूस मोठ्याने हसला. "वा! तीन कसली, आणि ते एक कसलं!"

मास्तरांनी गाडी मागे घेतली. होय, मागे घेतली. फाटकाच्या आत पाऊलही न टाकता वळवली आणि सरळ घरी आणली. ताईंचा हात मी वळेपर्यंत पाहत होते. तो त्यांनी लगेच खाली घेतला नव्हता.

संध्याकाळी बाई बसने परतल्या. अंगणात माझ्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "कोट सुरेख बसला. वन्सं ज्याला त्याला सांगत होत्या, माझ्या भावाने शिवलाय. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही."

मास्तर वाकून नव्या चाकावरची धूळ झटकू लागले.

"दुपारी मला म्हणाल्या, आपली गाडी फाटकाशी आल्यासारखी वाटली गं. मी म्हटलं, भास झाला असेल." एवढं बोलून त्या आत गेल्या.

या गोष्टीला दोन महिने झाले. वाकलेल्या चाकाचा जोड मिळत नाही म्हणे, चौथं चाक लांबून यायचं आहे. तोवर मीच गाडीला आहे. मास्तर रोज सकाळी अंगणात येतात, फडक्याने तीन चाकं पुसतात, मला वगळतात. बाईंनी विचारलं की म्हणतात, "चौथं चाक येऊ दे, मग ताईकडे जातोच. या अवतारात कसं जायचं?"

मास्तर, त्या चाकाची वाट बघू नका हो. मी आहे ना! माझ्यात हवा भरपूर आहे, बोल्ट पक्के आहेत, आणि तो रस्ता मी एकदा धावले आहे. गाडी झुकेल, लोक हसतील, भाऊजी तर नक्कीच हसतील. हसू दे. मला लावूनच जा, आणि या खेपेला फाटकातून आत घ्या.