श्रीयशची सावड

श्रीयशच्या कंपनीचं शिफ्ट लावायचं ॲप तळेगावच्या कारखान्यात कुणी उघडूनही बघत नव्हतं. शेवटी साहेबांनी त्यालाच तिथे पिटाळलं. दिवसभर त्याने वडिवळे गावातून पॅकिंगला येणाऱ्या एकोणीस बायकांना शिफ्टची अदलाबदल शिकवली. आज हिने तिचं काम करायचं, उद्या तिने हिचं, आणि लक्षात ॲपने ठेवायचं.

"आत्ता गं बया, ही तर आमची सावड!" त्यांच्यातल्या नंदाबाई म्हणाल्या. "येवढ्यासाठी लॅपटॉप आणलाय व्हय?"

श्रीयशला ते झोंबलं. पण महिन्याभरात ॲपचा वापर असा वाढला की साहेबांनी पेढे वाटले. श्रीयशने कौतुकाने नोंदी उघडल्या, तर कारखान्याचा पत्ताच नाही! वडिवळ्याच्या एकोणीस खाचरांची भातलावणी मात्र शिफ्टवार चोख लावलेली.

त्याने तणतणत फोन लावला. "मावशी, हे ॲप कारखान्यासाठी आहे!"

"ते ऱ्हाऊ द्या. आमी समद्यांनी आख्खा दिवस तुमचं ऐकून घेतलं का न्हाई?"

"घेतलं. मग?"

"मग सावड फेडायला नको?"

कानाशी धरलेला फोन थरथरला. त्याच्याच ॲपचा निरोप होता: 'उद्या सकाळी सात. जागा: नंदाबाईंचं खाचर. उशीर झाल्यास गैरहजेरी लागेल.'

त्याखाली असेच आणखी अठरा निरोप होते.