पोटातून काढलेली करणी

एकोणीसशे एकतीस सालची गोष्ट. वळसंगच्या माळावर सगळा गाव लोटला होता. मधोमध घोंगडीवर तानाबाई उताणी पडली होती आणि तिच्या फुगलेल्या पोटावर रुद्रप्पा महाराज टाच रोवून उभे होते.

"होरगे बा! भायेर नीघ, रांडे!" महाराज करणीवर गरजले आणि टाच बरगड्यांपर्यंत रगडत नेली. तानाबाईच्या किंकाळीने बायांनी डोळे मिटले. तिचा नवरा धुळा मात्र हात जोडून उभाच!

सोलापूरच्या डॉक्टरांनी खरे ते सांगितले होते. "गाठीचा रोग पोटाच्या आतल्या अस्तरावर सगळीकडे पसरलाय. बरा करायचं औषध नाही. पण साचलेलं पाणी काढतो, म्हणजे हिला श्वास घेता येईल, झोप लागेल." बरे करत नाही तो कसला डॉक्टर, असे म्हणून धुळाने गाडी माघारी वळवली. महाराजांनी मात्र 'ही करणी आहे, पोटातून उपसून काढतो' अशी छातीठोक हमी दिली. थापा मारायला काय जाते! महिनाभर धुरी दिली, उपास घडवले, वेताने मांड्या फोडल्या, आणि आज करणी उपसायला बसले.

त्यांनी कफनीची रुंद बाही पोटावर पसरली, आत हात खुपसल्याचे सोंग केले. रक्त उडाले. मुठीत मांसाचा लिबलिबीत तुकडा! लोकांनी लोटांगणे घातली.

फुशारकीत महाराजांनी तो तुकडा तिच्याच तोंडापुढे नाचवला. तिथेच फसले. धनगराची बाई ती, जन्मभर बकऱ्यांच्या पोटातली वजडी धुतलेली. मधाच्या पोळ्यासारखी ती जाळी तिने ओळखली. जाळीत चघळलेला पालाही होता.

तिने दोन्ही हातांनी बाही ओढली. बाही टरकन फाटली आणि रक्ताने भरलेली आतड्याची पिशवी खाली पडली.

"बकऱ्याची वजडी हाय ही! मी काय पाला खाती व्हय रं, मुडद्या?"

लोक तुटून पडले. धुळाने त्याच वेताने महाराजांचे थोबाड फोडले, दात मातीत पडले.

"अवो, ऱ्हाऊ द्या!" तानाबाई कळवळून ओरडली. "त्याला मारून माझं पोट उतरंल व्हय? गाडी जुपा की!"

डॉक्टरांनी पाणी काढले. किती दिवसांनी ती गाढ झोपली! टाचेने मोडलेल्या बरगड्या मात्र शेवटपर्यंत ठणकल्या. सुगीआधी ती गेली.

"महाराजाकडं न्हेली नसती, तर वाचली असती का वो?" धुळाने विचारले.

डॉक्टर तेव्हाही खोटे बोलले नाहीत. "वाचली नसती. पण तो महिनाभर सुखानं झोपली असती."

तो महिना आता कोण परत देणार? म्हणून बाबांनो, दुखणेकरी आधी दवाखान्यात न्या, आणि जो डॉक्टर तोंडावर 'नाही' म्हणतो, त्याचे पुढचे बोलणेही ऐकून घ्या.