तांबडा पट्टा

युसूफ वडगावच्या पाणी वापर सहकारी संस्थेने त्या दुष्काळात सामाईक विहीर आणखी खोल नेली, तेव्हा तळाच्या तांबड्या पट्ट्यातून एक झरा फुटला आणि पुरुषभर पाणी साचले. संस्थेच्या अहवालावर त्या झऱ्याचेच, पाण्याखालून टिपलेले छायाचित्र छापावे, असे चेअरमन शहादेव यांनी ठरविले. गावात कैक वर्षे स्टुडिओ चालविणाऱ्या सर्जेरावांनी हे काम आपलेच मानले. पाण्याखाली मात्र त्यांनी कॅमेरा प्रथमच नेला होता, आणि सारी छायाचित्रे शेवाळासारखी हिरवी निघाली. फ्लॅश वापरला, तर गाळाचे कण तेवढे पांढरे चमकले.

त्यांचे धाकटे साडू गहिनीनाथ यांनी कॅमेरा हाती घेतला तो गेल्या दिवाळीत. त्यांच्या छायाचित्रात मात्र त्याच पट्ट्याचा दगड गेरूसारखा तांबडा उमटला होता.

“आमच्या धाकल्या चंद्रभागेच्या मालकानं काढलेला फोटो बघितला का? लई नामी आलाय,” जेवण वाढताना सर्जेरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई म्हणाल्या.

सर्जेरावांच्या घशाखाली घास उतरेना. परक्याने केलेली स्तुती त्यांना सोसवली असती. ती आपल्याच ताटापाशी व्हावी, हे सोसवेना.

दुसऱ्या दिवशी ते संस्थेच्या कार्यालयात कडाडले, “हा रंग कम्प्युटरवर चढवलेला हाय!”

गहिनीनाथ तिथेच बसले होते. “साडूभाऊ, मग तुमीच उतरा. मी वरून आरसा धरतो. तांबडं न्हाई आलं, तर माझा फोटो फाडा.”

“आरसा कावून?”

“पडलेली बादली हुडकताना कावून धरता? खाली ऊन जावं म्हणूनच की! अन् दगडापासून हातभरच लांब ऱ्हावा. मधी पाणी लई आलं, की तांबडा रंग पाणीच खातं.”

शहादेवांनी अट मान्य केली.

भर दुपारी सर्जेरावांनी बुडी मारली. वरून कवडसा आला, दगडावर स्थिरावला, आणि हिरव्या अंधारात तो पट्टा निखाऱ्यासारखा पेटला. चार हात मागे सरून बटण दाबले असते, तर गहिनीनाथ खोटे ठरले असते; खाली पाहणारे दुसरे कोणी नव्हते. सर्जेराव मागे सरलेही. पण त्या अंतरावरून रंग विझू लागला, आणि तो विझताना पाहणे त्यांना जमेना. ते पुढे झाले. झऱ्याचे बुडबुडे तांबड्यावर चढताना त्यांनी बटण दाबले.

“हे तर पहिल्याहून सरस!” शहादेव म्हणाले. “हेच छापू. खाली नाव सर्जेरावांचं.”

“छापा की,” गहिनीनाथ आरसा पुसत हसले. “आमच्या साडूभावाचा हात हाय तो.”

त्या हसण्यात सर्जेरावांनी कपट शोधले. ते सापडले असते, तर त्यांना बरे वाटले असते.

घरी रुक्मिणीबाईंनी छायाचित्र दोन्ही हातांत धरून न्याहाळले. “ऊन कसं नेमकं पडलंय! आरसा कुणी धरलता?”

सर्जेरावांनी ताट पुढे ओढले. घास आजही उतरेना.