राहिलेली ओळ

शीलानं फाईलवर दोनदा क्लिक केलं आणि संस्थेच्या सचिवसाहेबांच्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडली. मग दुसरी. मग चार, आठ, सोळा. बघता बघता स्क्रीन भरली, माऊस हलेना, डबा घरघरायला लागला. शेवटी रजतनं, म्हणजे साहेबांच्या भाच्यानं, वायरच उपटली. साहेबांची अर्धी टाइप केलेली प्रवेशयादी गेली.

“हे तुमच्या तांड्यावर चालत असन, बाई. हे कॉलेज आहे,” साहेब म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, जरा जास्तच हसलो.

शीला राठोड आमच्या नेरच्या कॉलेजात अकरा वर्षं कंत्राटी ऑपरेटर. मी हेडक्लार्क, तिचा विठ्ठलकाका. कायम जागा एकच निघाली होती आणि उमेदवार दोन, ती आणि रजत. दरवर्षी बाराशे पोरांचे फोटो लहान करून त्यांना नावं देण्यात आठवडा जाई. शीलानं आपल्या मनानं शिकून त्यासाठी प्रोग्राम लिहिला, एकाच वेळी चार फोटो हाताळणारा. तिच्या टेबलावर तो दहा मिनिटांत काम उरके. साहेबांच्या कॉम्प्युटरवर त्याला लागणारं सॉफ्टवेअर नव्हतं, म्हणून तिनं सगळं एका फाईलीत बांधून आणलं. साहेबांनी आत्ताच दाखवा म्हणून घाई केली, आणि बांधलेली फाईल आधी चालवून पाहायची राहून गेली.

दुपारी ती पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आली. डोळे सुजलेले, पण चेहरा उजळलेला.

“एकच ओळ राह्यली होती, काका. म्या कामाले चार मजूर बोलावले, तं येणारा प्रत्येक जण सोताले मालकच समजे, न अजून चार बोलावे. आता आल्या आल्या त्याले सांगतलं, तू मजूर हायेस, आपलं काम कर. दुसऱ्या मशीनवर तीनदा चालवून पाह्यलं. साहेब मले दारात उभं नाही करत. तुमी दाखवा.”

दाखवतो म्हणालो. तिच्या डोक्यावर हातही ठेवला.

आणि पेनड्राइव्ह नेऊन रजतला दिला. माझी मुलगी वैष्णवी संस्थेच्याच शाळेत शिकवते, तिची नोकरी साहेबांच्या एका शब्दावर. एवढं कारण मला पुरलं. माणूस किती नालायक होऊ शकतो, ते मला विचारा.

सोमवारी रजतनं सगळ्यांसमोर बाराशे फोटो उरकून दाखवले. साहेबांनी पेढे मागवले. शीलालाही एक मिळाला. तो हातात धरून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पेढा खात होतो.

रजतच्या नेमणुकीचं पत्र टाइप करायला ऑफिसात तीच एकटी. साहेबांनी मजकूर सांगितला, ‘स्वतः प्रोग्राम तयार करून संस्थेचे काम सोपे केल्याबद्दल’ वगैरे. तिची बोटं कुठे अडली नाहीत. कागद काढून तिनं तपासणीच्या सहीसाठी माझ्यापुढं ठेवला.

“नीट वाचून घ्या, काका. एखादी ओळ राह्यली असन तं सांगा.”

मी दोनदा वाचलं. एकही राहिली नव्हती. मी सही केली.