घरी राहिलेला रिमोट

गाड्यांची कुलपं आणि रिमोट दुरुस्त करायचं आमचं दुकान. बाबांच्या हाताखाली मी तिथेच लहानाची मोठी झाले. मग धाकटीचं लग्न झालं, तिचा नवरा दुकानात येऊ लागला आणि बघता बघता बाबांच्या गळ्यातला ताईत झाला. "जावईबापूंचा हात बघा कसा चालतो," असं बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझे हात काय शोभेचे होते?

बाबांची नजर अधू झाली होती. पुढचं टेबल, म्हणजे सगळं दुकानच, आता ते कोणाच्या तरी हवाली करणार होते. मला ते हवं होतं. त्याहून जास्त, ते जावईबापूंना मिळू नये असं वाटत होतं.

त्या सकाळी एक बाई साध्या किल्लीने गाडी उघडून घेऊन आल्या. दोनपैकी एक रिमोट हरवला होता, दुसरा घरी नवऱ्याकडे होता. जावईबापू नवा रिमोट गाडीला जोडायला बसले. ही गाडी भलतीच विसरभोळी. नवा रिमोट ओळखला की जुन्यांची ओळख पुसून टाकते. म्हणून घरातले सगळे रिमोट एकाच बैठकीत जोडायचे असतात. हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

"ताई, बरोबर चाललंय ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कोण शिकवणार!" असं म्हणून मी कानस उचलली आणि एक किल्ली घासत बसले.

चारही दारं खट्कन उघडली. बाबा खूश, बाईही खूश.

दुपारी बाई तणतणत आल्या. "गाडी घरी लावून मी कामावर गेले. तिकडे हे सासूबाईंना घेऊन गाडीपाशी उभे, रिमोट दाबतायत, पण दार ढिम्म! किल्ली आणि नवा रिमोट माझ्या पर्समध्ये. दवाखान्याची वेळ हुकली त्यांची."

बाबा माझ्याकडे वळले. "तू तिथेच होतीस ना? तुला तर हे माहीत आहे."

मी पुन्हा कानस उचलली.

"ताईंनी सांगितलं होतं, बाबा," जावईबापू म्हणाले. "दुसरा रिमोट मागवून घ्या म्हणाल्या होत्या. मीच घाई केली."

माझ्याकडे न बघता त्यांनी बाईंची माफी मागितली आणि त्यांच्या घरी जाऊन दोन्ही रिमोट जोडून द्यायला पिशवी भरली.

बाबांनी खुर्ची मागे सरकवली. "आजपासून इथे तू बस. वेळेवर सांगणारं माणूस हवं या टेबलावर."

मी बसले. जावईबापू बाईंच्या मागोमाग रस्ता ओलांडत होते, आणि मला त्यांचा सकाळपेक्षा जास्त हेवा वाटत होता.