वील टॅमसिनच्या बोगद्यातली हवा

"काटा खाली आला की खाण श्वास सोडते, पोरी. त्या दिवशी तोंडाशीसुद्धा उभं राहायचं नाही."

माझे सासरे, जोरी, रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या वायुभारमापकाला टिचकी मारून हे सांगायचे. मी भूगर्भशास्त्र शिकलेली. "आणि काटा वर गेला की जांभई देते का, पप्पा?" मी विचारलं होतं. केरन, माझा नवरा, तोंडात पेस्टीचा, त्या खिमा भरलेल्या करंजीचा, घास धरून हसला होता.

त्यांचं बरोबर होतं, आणि कारण मला माहीत असायला हवं होतं. वील टॅमसिन, आमच्या गावची तांब्याची खाण, बंद होऊन शंभर वर्षं झाली. वरच्या थरातलं तांबं हिरवं-निळं होऊन बसलंय. पण खाली, पाण्याच्या पातळीजवळ, पिवळा गंधकी दगड अजूनही हवेतला प्राणवायू ओढून घेतो. बाहेरचा दाब उतरला की तळातली ती मेलेली हवा बोगद्यातून बाहेर सरकते. आदल्या आठवड्यात, काटा वर असताना, मी उपकरणाने प्राणवायू मोजला होता. वीस पूर्णांक आठ टक्के, म्हणजे उत्तम. त्या आकड्यावर माझा विश्वास होता.

मंगळवारी काटा उतरला आणि पश्चिमेकडून ढग आले. मला आतल्या जुन्या लाकडांवर उगवलेले मोरचुदाचे स्फटिक हवे होते. बोगद्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आमची तान्ही लेक माझ्या कडेवर होती. "तू नेसाला घेऊन थांब, मी आणतो," केरन म्हणाला. उपकरण गाडीतच राहिलं. खाणीत शिट्टी मारणं अशुभ, हा तिकडचा नियम, म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने आतल्या जुन्या रुळावर हातोडी मारत होता.

"आहेस ना?"

टण्ण.

"लवकर ये, हिला भूक लागलीय!"

टण्ण.

मग काही नाही.

मी सासऱ्यांना आणि बचावपथकाला फोन केला. सासरे चार मिनिटांत आले, काठीच्या टोकाला मेणबत्ती बांधून. दारातच, गुडघ्याच्या उंचीवर, ती विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. मी बाळ खाली ठेवून आत निघाले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"आधी पोर उचल. जमिनीवर नको ठेवूस."

"सोडा! तुमचा मुलगा आहे तो!"

"कोण आहे ते माहीत आहे मला. मागे हो."

"भ्यालात तुम्ही!"

"बरं, भ्यालो. चल, वर चढ."

हवेच्या नळकांड्या घेऊन पथकाची माणसं यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ सासऱ्यांनी माझं मनगट सोडलं नाही. केरन भिंतीला टेकून बसलेला सापडला. डोक्यावरचा दिवा चालू होता. दिव्याला हवा लागत नाही.

मी रडले नाही. घरी येऊन नेसाची दुपटी वाळत घातली, मग काढली, मग पुन्हा घातली.

दफनाच्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "पोटचा मुलगा आत, आणि हा बाहेर बसून राहिला." सासऱ्यांनी ते ऐकलं. मीही शेजारी होते. ते आत गेले असते तर मागोमाग मीही गेले असते, आणि नेसा त्या दारात एकटी पडून राहिली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. मी गप्प राहिले.

आता मी ॲडलेडला असते. नऊ दिवस झाले, सासरे फोन उचलत नाहीत. त्यांच्या शेजारचं घर रिकामं आहे, विचारायला कोणी नाही. गाडी काढते, पण गावाचा रस्ता बोगद्यावरूनच जातो, आणि नेसा मागे बसलेली असली की माझे हात स्टिअरिंगवर चालत नाहीत.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला असेल, तर चॅपलपुढचं, त्या छोट्या चर्चपुढचं, तिसरं घर, हिरव्या पत्र्याचं. दार लगेच उघडणार नाहीत, थांबा. "मी ठीक आहे," असं म्हणतील. त्यावर जाऊ नका. आत जा, जेवलेत का बघा, आणि मला कळवा.